दख्खनी मेंढी आणि ‘रक्त बिघडलं’ या शब्दाचा घोळ

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडीच्या धनगरवाड्यांवर काळी दख्खनी मेंढी टिकली ती घोंगडीच्या जिवावर. घोंगडीची मागणी घटली, लोकरीच्या पैशातून कातरणीची मजुरीही सुटेना, आणि कळपाचा हिशेब मटणाच्या वजनावर आला. त्याआधी लोकर सुधारण्यासाठी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत मेरिनो, राम्बुये जातींचे परदेशी नर वापरून पाहिले होते, पण पायपीट करणाऱ्या कळपांत तो संकर रुजला नाही. 1956 मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यावर मेंढी तीच राहिली, योजना मात्र दोन झाल्या.

मग आला माडग्याळी नर. माडग्याळ हे सांगलीच्या जत तालुक्यातलं गाव, आणि जत अथणीला लागूनच. उंच अंग, पांढऱ्यावर तांबूस ठिपके, बाकदार नाक आणि झपाट्याने भरणारं वजन. दख्खनी कळपात तो सोडला की कोकरं मोठी होतात, पण लोकर कमी होते. जुनी माणसं म्हणतात, ‘रक्त बिघडलं’.

खरा गुंता याच शब्दात आहे. बाहेरचा नर आला तर जातीची ओळख पुसट होते, हे खरं. पण त्याने कळपातलं आनुवंशिक वैविध्य कमी होत नाही, उलट वाढतं. वैविध्य आटतं ते घरचाच नर वर्षानुवर्षे ठेवल्याने, आणि त्याला मात्र ‘शुद्ध’ म्हणतात. बाहेरचं जनावर न येणाऱ्या कळपात 40 मेंढ्यांमागे एकच नर असेल, तर आनुवंशिकदृष्ट्या तो कळप जेमतेम 4 जनावरांएवढा ठरतो. निकट प्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यात होणारी पैदास, पिढीगणिक सुमारे 13 टक्क्यांनी वाढतं. नात्यात नसलेले दोन नर ठेवले तर हा वेग जवळपास निम्मा होतो. नर दोन-अडीच वर्षं बदलला नाही की त्याच्याच लेकी त्याच्यासमोर माजावर येतात. त्या संबंधातून झालेल्या कोकरांत निकट प्रजननाचं प्रमाण थेट 25 टक्के. कमी वजन, वाढलेली मरतूक, उशिरा गाभण जाणं. आणि मग खापर फुटतं चाऱ्यावर.

माडग्याळी पैदासही यातून सुटलेली नाही. जत्रेत नाव कमावलेल्या मोजक्या नरांवर सगळ्यांची उडी पडते, आणि त्यांचीच पोरं गावोगाव पोचतात.

पूर्वी हे आपोआप सांभाळलं जाई. पाच-सहा कुटुंबांचे कळप एकाच वाड्यात, म्हणजे फिरत्या तांड्यात, चालत, शेतात बसत, नर एकमेकांत मिसळत. हिडकल धरणाच्या कालव्याने ऊस आला, चराई आखडली, तशा मेंढ्या घराशीच दावणीला बांधल्या गेल्या. 2019 च्या पशुगणनेत कर्नाटकात सुमारे 1 कोटी 10 लाख मेंढ्या निघाल्या, महाराष्ट्रात सुमारे 27 लाख. एवढ्या आकड्यापुढे चिंता कुणाला पटत नाही. पण गणना डोकी मोजते. त्या डोक्यांमागे बाप किती, हे तिच्यात कुठेच दिसत नाही.