‘तारा’ : नाव एक, उगम तीन

मराठी घरात ‘तारा’ म्हटलं की आभाळच आठवतं, आणि ते बरोबरही आहे. ऋग्वेदात ‘स्तृभिः’ म्हणजे ‘ताऱ्यांनी’ असं रूप येतं. ‘तारा’मध्ये सुरुवातीचा ‘स’ गळालेला आहे. फारसी ‘सितारा’, ग्रीक ‘आस्टेर’ आणि इंग्रजी ‘स्टार’ यांनी तो राखला. ही सगळी एकाच घराण्यातली चुलत भावंडं.

पंचकन्यांच्या श्लोकातली वालीची बायको तारा, हरिश्चंद्राची तारामती, 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेल्या महाराणी ताराबाई. एवढ्या तारा समोर असताना मुलीसाठी नाव शोधायला लांब कुठे जायचं?

बौद्धांच्या तारा देवीच्या नावाचं मूळ मात्र वेगळं सांगतात. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणं; त्यावरून तारा म्हणजे तारणारी, पैलतीराला नेणारी. आठ महाभयांतून ती सोडवते, त्यात पाण्याचं भयही आहे. कान्हेरीच्या लेण्यात ती करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याच्या बाजूला उभी दिसते. समुद्रावर पोट असलेल्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांना अशी देवता जवळची वाटली असेल, असं मला वाटतं. अकराव्या शतकात भारतातले बौद्ध आचार्य अतीश तिबेटात गेले आणि त्यांनी तारेची उपासना तिथे रुजवली. तिबेटींनी नावाचा उच्चार घेतला नाही, अर्थ घेतला: सोडवणारी, म्हणजे ‘डोल्मा’.

तिसरी तारा आयर्लंडची, आणि तिचा आपल्या तारेशी काडीचाही संबंध नाही. मीथ परगण्यातली ही टेकडी आयरिश महाराजांची गादी मानली जाई. मूळ आयरिश नाव ‘तेव्हर’च्या जवळचं, ‘तारा’ हे त्याचं इंग्रजी वळण. अर्थाबद्दल दोन मतं आहेत: दूरवर नजर पोचते अशी उंच जागा, किंवा वेगळी राखलेली पवित्र जागा. 1843 मध्ये आयरिश नेता डॅनियल ओकॉनेलने आयर्लंडचं ब्रिटनशी झालेलं एकीकरण मोडण्यासाठी विराट सभा घेतली ती याच टेकडीवर. तारीख होती 15 ऑगस्ट!

टेकडीचं नाव मुलींना लोकप्रिय झालं ते अमेरिकेत. ‘गॉन विथ द विंड’ या 1936 च्या कादंबरीत मीथहून आलेला जेराल्ड ओहारा आपल्या मळ्याला ‘तारा’ म्हणतो. 1939 च्या चित्रपटाने ते घरोघरी नेलं. त्यात त्याच्या मुलीचं काम करणारी व्हिव्हियन ली जन्मली दार्जिलिंगला, जिथे आजही कितीतरी मुलींचं नाव डोल्मा असतं.