गोठ्यात रांगणारी मुलगी आणि तिच्या श्वासनलिकेचे अस्तर

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाच्या मळ्यावर चार दिवस मुक्काम होता. त्याची चौदा महिन्यांची मुलगी सकाळी धार काढायच्या वेळेला आजीच्या कडेवर बसून गोठ्यात येते आणि आत पाऊल पडताच खाली उतरण्यासाठी अंग टाकते. खाली सोडली की रांगत थेट कालवडीकडे निघते. भाऊ दावे आखडून धरतो, ती कालवडीच्या गळ्याला धरून उभी राहते आणि तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याकडे हात नेते. कालवड मान झटकते, मुलगी कडब्याच्या पाचोळ्यावर धपकन बसते आणि खदखदून हसते. तळहाताला चिकटलेली काडी ती बराच वेळ निरखून पाहते आणि मग, कोणी रोखण्याआधीच, तोंडात घालते. पूर्वेच्या दारातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत वाळलेल्या शेणाची आणि चाऱ्याची बारीक धूळ तरंगत असते. तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर ती धूळ आत जाते. हा लेख त्या धुळीविषयी आहे.

त्याच सकाळी शहरातून आलेल्या एका नातेवाईक बाई म्हणाल्या, "अहो, उचला तिला, जंतू असतात तिथे." त्यावर माझी आई म्हणाली, "राहू दे गं, शेणामातीतलं पोर दणकट होतं, प्रतिकारशक्ती वाढते." या दोन वाक्यांत आपल्याकडची जवळजवळ सगळी चर्चा संपते. एका बाजूला जंतूंची धास्ती असते आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकारशक्ती 'वाढवण्याची' हौस. मला आईचे निरीक्षण बरोबर वाटते, पण 'वाढते' हा शब्द चुकीचा वाटतो. ॲलर्जी आणि ॲलर्जीजन्य दमा हे काही प्रतिकारशक्ती कमी पडल्याने होणारे आजार नाहीत. परागकण, धुळीतले सूक्ष्म कीटक, मांजराच्या अंगावरचा कोंडा अशा निरुपद्रवी गोष्टींवर शरीर शत्रू समजून तुटून पडते, तेव्हा ते उद्भवतात. म्हणून गोठ्यात मुलाला काही मिळत असेल, तर ते बळ नसून आवर घालण्याची सवय आहे, आणि ती सवय श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींना कशी लागते याचा गेल्या काही वर्षांत लागलेला उलगडा मला विलक्षण सुंदर वाटतो.

शंका तशी जुनी आहे. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःला दर उन्हाळ्यात शिंका आणि डोळ्यांच्या खाजेने बेजार करणारा त्रास होई. परागकणांमुळे हा त्रास होतो हे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवले. १८७३ मध्ये त्यांनी एक कोडेही नोंदवून ठेवले : ज्यांचा दिवस परागकणांतच जातो, त्या शेतकऱ्यांमध्ये हा आजार क्वचितच आढळतो. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, १९८९ मध्ये, ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली, तेव्हा ज्याला थोरली भावंडे जास्त त्याला हा त्रास कमी, असे दिसले. लहानपणी भावंडांकडून येणाऱ्या संसर्गांमुळे हे होत असावे, असे त्यांनी सुचवले. पुढे जर्मनीच्या एकीकरणानंतर तेथील बालरोगतज्ज्ञ एरिका फॉन म्यूटिउस यांनी पूर्व आणि पश्चिम जर्मनीतील मुलांची तुलना केली. पूर्वेकडच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत दमा अधिक असेल अशी त्यांची अपेक्षा होती, पण प्रत्यक्षात तो आणि ॲलर्जी पश्चिमेकडेच अधिक निघाली.

मग संशोधकांचा मोर्चा शेतांकडे वळला. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या ग्रामीण भागातील मुलांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांचा वयाच्या पहिल्या वर्षातच गोठ्याशी आणि घरच्या दुधाशी संबंध आला होता, त्यांच्यात दम्याचे प्रमाण सुमारे १ टक्का होते, तर ज्यांचा हा संबंध एक ते पाच या वयात आला त्यांच्यात ते ११ टक्के होते. म्हणजे गोठा केवळ असून भागत नव्हते, तो केव्हा भेटला हेही महत्त्वाचे होते. पुढच्याच वर्षी या मुलांच्या गाद्यांतील धूळ गोळा करून तपासली गेली, आणि जिच्यात एंडोटॉक्सिन नावाचा जिवाणूजन्य पदार्थ अधिक होता त्या गादीवर झोपणाऱ्या मुलांत ॲलर्जीजन्य दमा कमी आढळला.

यावर रास्त आक्षेप असा, की शेतकरी कुटुंबांचा आहार, कामाची पद्धत, आनुवंशिकता हे सारेच वेगळे असते. त्याचे उत्तर अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांनी दिले. ॲमिश आणि हटराइट या दोन्ही समाजांचे पूर्वज मध्य युरोपातून आलेले, दोघांची आनुवंशिक घडण जवळची, दोघांकडे कुटुंबे मोठी, आहार सारखा, आणि घरात कुत्री-मांजरे पाळण्याची पद्धत दोघांकडेही नाही. फरक शेतीच्या पद्धतीत आहे. ॲमिश कुटुंब घोड्यांच्या बळावर आपली स्वतःची दुभत्या जनावरांची शेती करते आणि त्यांचा गोठा घराला लागून असतो, तर हटराइट लोक मोठी यांत्रिक सामुदायिक शेती करतात आणि त्यांची जनावरे वस्तीपासून दूर असतात. ॲमिश मुलांमध्ये दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे आणि हटराइट मुलांमध्ये सुमारे २१ टक्के. २०१६ च्या अभ्यासात दोन्हींकडच्या ३०-३० मुलांच्या रक्ताची आणि घरातल्या धुळीची तपासणी झाली. ॲमिश घरांच्या धुळीत एंडोटॉक्सिन जवळजवळ सातपट होते. या धुळीचा अर्क चार-पाच आठवडे उंदरांच्या नाकात घातला, तेव्हा ॲमिश घरांतील धुळीने त्यांना ॲलर्जीजन्य दम्यापासून वाचवले. हटराइट घरांतील धुळीने वाचवले नाही. आपल्याकडे ओसरीला लागून गोठा असलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ॲमिश घराची रचना समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आता या लेखाच्या मूळ विषयाकडे येतो. येथून पुढचे काही परिच्छेद सावकाश वाचावेत.

जनावरांच्या शेणात असंख्य जिवाणू असतात आणि त्यांतील अनेकांच्या अंगावर एक बाह्य आवरण असते. त्या आवरणात मेद आणि शर्करा यांच्या जोडणीतून बनलेला लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो, तोच एंडोटॉक्सिन. जिवाणू मेला, शेण वाळले, त्याची धूळ झाली, तरी हा रेणू शाबूत राहतो. धुळीबरोबर तो श्वासनलिकेत उतरतो, तेव्हा तिच्या आतल्या अस्तरातील पेशींवर टीएलआर-४ नावाचा ग्राहक रेणू त्याला ओळखतो. (या ग्राहकाचे काम उलगडणाऱ्या ब्रूस बॉयटलर यांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.) ओळख पटताच पेशीच्या आत निरोपांची साखळी सुरू होते. एक प्रथिन दुसऱ्याला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाचे शेपूट जोडते, त्या शेपटीवर पुढची प्रथिने येऊन बसतात, आणि अखेर एनएफ-कप्पा-बी हा घटक पेशीकेंद्रात शिरून दाह घडवणारी जनुके चालू करतो. हीच पेशी मग दवंडी पिटावी तसे संदेशरेणू बाहेर सोडते. ते संदेश ऐकून डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी येतात, समोर सापडलेला पदार्थ उचलतात आणि लसिकाग्रंथींत नेऊन तेथील टी-पेशींना, म्हणजे प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. हा पदार्थ धुळीतल्या कीटकाचे एखादे प्रथिन असले आणि संदेशांचा रोख विशिष्ट दिशेचा असला, तर त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची, ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडे तयार होतात आणि ॲलर्जीचा पाया पडतो.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की दवंडी पिटणारी पेशी अस्तराची आहे. जिला आपण नुसता आतला लेप समजतो, तीच ठरवते की गाव गोळा करायचे की नाही.

आणि नेमक्या याच पेशीत ए-२० नावाचे एक विकर (एन्झाइम) असते. त्याचे काम दुहेरी आहे. निरोप पुढे नेण्यासाठी जोडलेली युबिक्विटिनची शेपटी ते कापून टाकते आणि तिच्या जागी वेगळ्या जोडणीची शेपटी लावते, जिचा पेशीच्या भाषेतला अर्थ 'हे प्रथिन मोडीत काढा' असा होतो. शेपूट तेच, फक्त त्यातील दुवे एकमेकांना कोणत्या जागी जोडले आहेत एवढाच फरक. आणि तेवढ्या फरकाने 'पुढे चला' या निरोपाचा 'थांबा' असा निरोप होतो. त्याहून सुंदर बाब म्हणजे ए-२० चे जनुक स्वतः एनएफ-कप्पा-बीमुळेच चालू होते. दाहाची हाक जो घटक देतो, तोच तिला आवरणारे विकरही घडवून घेतो.

बेल्जियममधील गेंट येथील हामिदा हम्माद आणि बार्ट लाम्ब्रेख्त यांच्या गटाने २०१५ मध्ये हे गोठ्याशी जोडून दाखवले. त्यांनी उंदरांना दोन आठवडे एक दिवसाआड एंडोटॉक्सिनची अगदी अल्प मात्रा हुंगायला दिली आणि त्यानंतर धुळीतल्या कीटकांचा अर्क दिला. एरवी या अर्काने उंदरांना दमा होतो. या उंदरांना झाला नाही. त्यांच्या अस्तरपेशींत ए-२० आधीच साठलेले होते, त्यामुळे कीटकाचे प्रथिन आले तरी दवंडी पिटली गेली नाही. शेतावरच्या धुळीनेही असाच परिणाम दिसला. मग त्यांनी ज्या उंदरांच्या फक्त श्वासनलिकेच्या अस्तरातून ए-२० काढून टाकले होते असे उंदीर घेतले, तेव्हा त्या धुळीचे संरक्षण नाहीसे झाले. एवढ्या विशाल आणि गुंतागुंतीच्या प्रतिकारयंत्रणेत नेमक्या एका ठिकाणच्या एका विकरावर बोट ठेवता येणे ही विज्ञानात नेहमी मिळणारी गोष्ट नव्हे. माणसांतही या जनुकाच्या एका बदललेल्या रूपाचा शेतावर वाढणाऱ्या मुलांतील दम्याशी संबंध आढळला आहे.

म्हणून अल्प आणि नित्य हे दोन शब्द या साऱ्या गोष्टीत महत्त्वाचे आहेत. वर्षातून एकदा हुरड्याला नेलेल्या मुलाच्या अस्तरपेशींना ही सवय लागणार नाही, आणि ज्याला आधीच दमा आहे त्याला हीच धूळ झटकाही आणू शकते. सकाळ-संध्याकाळ आजीच्या कडेवरून होणारी गोठ्याची फेरी हा मात्र थोड्या मात्रेचा, रोजचा आणि पहिल्या वर्षातला संपर्क आहे. आपल्या घरांत तो कोणीही न आखता पिढ्यान्पिढ्या घडत आला आहे.

आता नाइलाजाने एक कडू विषय. शेणाविषयीचे संशोधन बाहेर पडले की शेणात दैवी शक्ती असल्याचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात, आणि त्यामागोमाग मुलांची 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या पुड्या आणि सरबते विकायला येतात. वर सांगितलेल्या कोणत्याही प्रयोगात कोणी शेण खाल्लेले नाही, जखमेला लावलेले नाही आणि गोमूत्र प्यायलेले नाही. नवजात बाळाच्या नाळेला शेण किंवा राख लावण्याच्या जुन्या चालीने या देशात अगणित बाळांचा धनुर्वाताने बळी घेतला आहे, कारण धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू जनावरांच्या शेणात आणि मातीत असतात. माता आणि नवजात बालकांमधील धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारतात २०१५ मध्ये जाहीर झाले, ते लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. एकाच शेणातील एक रेणू श्वासनलिकेला शहाणे करतो आणि एक बीजाणू नाळेतून शिरून जीव घेतो. ज्याला गाईविषयी खरी माया आहे, त्याने या दोन्ही गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

दुधाचेही तसेच आहे. युरोपातील अभ्यासांत कच्च्या दुधाचा संबंध कमी ॲलर्जीशी दिसला म्हणून आपल्याकडे कोणी मुलाला निरसे दूध पाजू नये. त्यातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा एक जिवाणूजन्य आजार) आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात, आणि त्या संशोधकांनीही कच्चे दूध पाजण्याचा सल्ला दिलेला नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलेले कीटकनाशकाचे डबे आणि चुलीचा धूर यांत तर मुलाला उपकारक असे काहीच नाही, आणि चुलीचा धूर श्वासनलिकेच्या त्याच अस्तराला इजा करतो. खाण्यापूर्वी साबणाने हात धुतल्यामुळे गोठ्यातून मिळालेले काही वाया जात नाही, कारण ते श्वासावाटे आधीच मिळालेले असते.

माझ्या भावजयीने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : "हिच्या वेळी मी नवव्या महिन्यापर्यंत धार काढत होते, त्याचं काय?" तो प्रश्न अगदी योग्य होता. आई गरोदरपणात गोठ्यात काम करत असेल, तर मुलांत ॲलर्जीची प्रवृत्ती कमी आढळते, असे युरोपातील अभ्यासांत दिसले आहे. मात्र गाभडलेल्या जनावराला किंवा वार पडताना गरोदर स्त्रीने हात लावू नये, कारण ब्रुसेलोसिसचा धोका तेथे सर्वाधिक असतो.

संध्याकाळी आम्ही दोन कागद काढून बसलो. मुलीच्या लसीकरणाच्या कार्डावर घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची बूस्टर मात्रा सोळाव्या महिन्यापासून देय होती, म्हणजे अजून दोन महिने होते. एक वर्ष पूर्ण झाल्यामुळे जंतनाशकाच्या अर्ध्या गोळीसाठीही ती आता पात्र होती. दुसरा कागद कालवडीचा, बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक लिहिलेला. ब्रुसेलोसिसची लस मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच देतात. कालवडीला पाचवा महिना लागला होता आणि लस राहिली होती. भावाने लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. तोवर मुलगी ओसरीवर तिच्या गोधडीवर झोपी गेली होती, आणि तिच्या केसांत सकाळची कडब्याची एक काडी अजून अडकलेली होती.