शंभर मीटरच्या आत घराला हातही लावता येत नाही?

संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत घर असेल तर गळकं छप्परसुद्धा दुरुस्त करता येत नाही, ही समजूत स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून ठाण मांडून बसली आहे. ती चुकीची आहे.

१९५८ च्या या केंद्रीय कायद्यानुसार पहिले १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊनच बांधता येईल असे. प्रतिबंधित पट्ट्यात बंदी आहे ती नव्या बांधकामावर. १६ जून १९९२ पूर्वीच्या किंवा नंतर रीतसर मंजुरीने उभ्या राहिलेल्या घराची दुरुस्ती, नूतनीकरण करता येतं. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो. अर्ज १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो, त्यांची शिफारस दोन महिन्यांत आणि मग महिन्याभरात निर्णय, असं कायदा सांगतो. (प्रत्यक्षात थोडी कळ काढायची तयारी ठेवा.) गटारांची आणि सार्वजनिक पाणी-वीजपुरवठ्याची कामं तर ‘बांधकामा’च्या व्याख्येतच येत नाहीत.

घोळ होतो मोजणीत. अंतर देवळाच्या भिंतीपासून धरलं जातं, पण कायदा ते संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतो. आवार मोठं असेल तर १२० मीटरवरचं वाटणारं घर सहज ८० मीटरवर येतं.

दुसरी चूक म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली मजला चढवणं. ते नवं बांधकामच ठरतं, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हे नियम केंद्र-संरक्षित स्मारकांचे. राज्य-संरक्षित स्मारकांना महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा स्मारक केंद्राचं की राज्याचं, हे कळण्यासाठी आधी तिथला फलक नीट वाचा.