वातावरणातील ऑक्सिजन

पृथ्वीच्या कोरड्या हवेत आकारमानाने 20.95 टक्के ऑक्सिजन (प्राणवायू) आहे. समुद्रकिनारी आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर हे प्रमाण सारखेच असते. माथ्यावर हवेचा दाब सुमारे एक तृतीयांश असतो, म्हणून तिथे धाप लागते. लोह, गंधक, कार्बन यांच्याशी सहज संयोग पावणारा हा वायू कोट्यवधी वर्षे हवेत मोकळा राहावा, ही खरोखर विलक्षण गोष्ट आहे.

सुरुवातीच्या हवेत तो जवळजवळ नव्हता. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत, 280 कोटी वर्षांहून जुन्या खडकांत पायराइटचे गोलसर कण सापडतात. लोह-गंधकाचे हे खनिज नदीतून वाहत, घासत येऊनही गंजलेले नाही. आजच्या नदीत ते इतके टिकणार नाही. पुढे सायनोबॅक्टेरियांनी (सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंनी) प्रकाशसंश्लेषणातून सोडलेला ऑक्सिजन समुद्रात विरघळलेले लोह आणि ज्वालामुखीतून येणारे वायू गिळत राहिले. गोव्यातील लोहखनिज ज्या पट्टेदार खडकांतून तयार झाले, ते अशाच प्राचीन समुद्रांच्या तळाशी साचलेले आहेत. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला. आजच्या पातळीच्या जवळ पोचायला त्याला त्यानंतरही दीडशे कोटींहून अधिक वर्षे लागली.

हा साठा टिकतो कशामुळे? 'झाडांमुळे' हे उत्तर अपुरे आहे. वनस्पती जेवढा ऑक्सिजन सोडतात, जवळजवळ तेवढाच त्यांच्या श्वसनात आणि पालापाचोळा कुजण्यात खर्च होतो. अ‍ॅमेझॉनच्या जंगलाला पृथ्वीची फुप्फुसे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. त्या जंगलाचे मोल जैवविविधता, पाऊस आणि कार्बनचा साठा यांत आहे. खरी शिल्लक पडते ती कुजण्याआधीच गाडल्या जाणाऱ्या अवशेषांतून. एकूण उत्पादनाच्या हजारातला जेमतेम एखादा भाग समुद्रतळाच्या गाळात कायमचा पुरला जातो आणि त्याच्या वाट्याचा ऑक्सिजन हवेत उरतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ बंगालच्या उपसागरात हेच काम मोठ्या प्रमाणावर करतो. गाळात तयार होणाऱ्या पायराइटमुळेही अशीच भर पडते. उलट बाजूने, डोंगर झिजून जुना कार्बन आणि पायराइट उघडे पडले की ते ऑक्सिजन वापरतात.

जमा-खर्चाचा तोल सांभाळण्यात फॉस्फरसचा वाटा मोठा मानला जातो. समुद्रतळाशी ऑक्सिजन कमी झाला की गाळातला फॉस्फरस पाण्यात सुटतो, त्या पोषणावर प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) वाढ होते, गाडला जाणारा कार्बन वाढतो आणि ऑक्सिजन पुन्हा चढतो. दुसऱ्या टोकाला वणवे आहेत: ऑक्सिजन वाढला की ओले रानही पेट घेते आणि वनस्पतींची वाढ खुंटते. तरीही चढउतार झालेच. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी दलदलींत प्रचंड वनस्पतिद्रव्य गाडले गेले तेव्हा हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास गेले असावे. हातभर पंखविस्ताराचे चतुरासारखे कीटक त्याच काळातले.

कोळसा जाळणे म्हणजे ही पुरलेली शिल्लक परत खर्चणे. चंद्रपूर परिसरातील गोंडवन कोळशालाही हे लागू आहे. अमेरिकी वैज्ञानिक राल्फ कीलिंग यांनी 1980च्या दशकाअखेर सुरू केलेल्या काटेकोर मोजणीतून ही घट स्पष्ट दिसते: वर्षाला दर दहा लाख रेणूंमागे सुमारे चार. श्वास घेण्याला यातून धोका नाही, कारण साठा अफाट आहे. कार्बन डायऑक्साइडचा साठा मात्र मुळातच तुटपुंजा असल्याने तेवढ्याच ज्वलनाने तो औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत जवळपास दीडपट झाला आहे.