फ्लटरमधून फोनचा मूळ स्क्रीन उघडत नाही? उघडतो

लातूर-नांदेडकडच्या कॉलेजांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरणारा मेसेज: "फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये ॲप केलं की फोनचे स्वतःचे स्क्रीन उघडता येत नाहीत." तसं नाही. (ही दोन्ही एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनसाठी ॲप बनवायची साधनं; फोनचे स्वतःचे स्क्रीन म्हणजे सेटिंग्जसारखी पानं.)

असं वाटायला कारण आहे. फ्लटर बटणं, याद्या सगळं स्वतःच रंगवतं, म्हणून ते फोनपासून तुटलेलं भासतं. पण अँड्रॉइडवर ते साधारणपणे एका नेहमीच्या ॲक्टिव्हिटीतच (अँड्रॉइड ॲपच्या एका स्क्रीनमध्ये) चालतं. डार्ट या फ्लटरच्या भाषेतून मेथड चॅनलवर, म्हणजे फ्लटर आणि फोन यांच्यातल्या पुलावर, निरोप जातो, पलीकडे कॉटलिन या अँड्रॉइडच्या भाषेतला कोड तो घेतो आणि इंटेंट (अमुक स्क्रीन उघड, अशी अँड्रॉइडला केलेली विनंती) पाठवून हवा तो स्क्रीन उघडतो. रिॲक्ट नेटिव्हमध्ये हेच काम नेटिव्ह मॉड्यूल, म्हणजे फोनच्या मूळ भाषेत लिहिलेला कोडचा भाग, करतं. तिथे तर मूळ बटणंही फोनचीच.

पडताळा स्वतः घ्या. समजा, जालन्याच्या मोसंबी बागायतदारांसाठी ॲप करताय. बागेची जागा टिपायचीय आणि लोकेशन बंद आहे. मेथड चॅनलवरून लोकेशन सेटिंग्जचा इंटेंट सोडा. फोनचंच पान समोर येईल, फोन मराठीत असेल तर मराठीत. बॅक दाबा, परत तुमचं ॲप.

आयफोनवर मात्र अधिकृतपणे मुख्यतः आपल्याच ॲपची सेटिंग्ज उघडता येतात. हा नियम स्विफ्ट या आयफोनच्या मूळ भाषेत लिहिलेल्या ॲपलाही तितकाच लागू आहे.