आर.एक्स. १०० ते सीबी ३५० : सोलापुरातील बदलून बांधलेल्या जपानी मोटरसायकलींची पार्श्वभूमी

जुनी जपानी मोटरसायकल पूर्ण उघडून तिला मनाजोगता घाट देण्याची हौस सोलापुरातही रुजली आहे. तिचे मूळ १९८० च्या दशकातील भारत-जपान भागीदारीत सापडते. तोवर आपल्याकडे बुलेट, येझदी आणि राजदूत यांचाच वावर होता. राजदूत बनवणाऱ्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये यामाहाच्या आर.डी. ३५० वर आधारलेली राजदूत ३५० आणली आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० व यामाहाची आर.एक्स. १०० रस्त्यावर आल्या.

राजदूत ३५० चे ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन त्या काळी भारतात अपूर्व होते. मात्र जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक मिळत असताना भारतीय गाडीला ड्रम ब्रेक बसवला गेला. त्यामुळे ही गाडी जपणारे पुढचा ब्रेक बदलण्याला आजही फार महत्त्व देतात. गाडीत बदल करण्यामागे केवळ शोभेची आवड असते, हा समज मला म्हणूनच अपुरा वाटतो. आर.एक्स. १०० ची गोष्ट वेगळी आहे. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती आणि हलके वजन यांमुळे ती चपळ ठरली, पण १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे अस्सल सुटे भाग दुर्मिळ होत गेले, तसा गाडी टिकवण्याचा भार रिबोर करणारे (म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कातून पुन्हा गोल करणारे), लेथवर काम करणारे खरादी आणि वेल्डर यांच्यावर आला.

अशा हातांची सोलापुराला वाण नव्हती. येथील पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि पुढे चादर-टॉवेल विणणारे यंत्रमाग घरोघरी आले. मागाचा तुटलेला भाग नवा येण्याची वाट न पाहता लेथवर घडवून घेणे ही ज्या गावाची रोजची गरज, त्या गावात मोटरसायकलच्या कामाला लागणारी नजर आधीच तयार होती, असे मला ठामपणे वाटते.

खुद्द जपानमध्ये ही कला टंचाईतून आली नाही. यामाहाने १९७८ मध्ये आणलेली एस.आर. ४००, हवेने थंड होणारे एकच सिलिंडर आणि किकचीच सुरुवात घेऊन, मधले काही खंड वगळता २०२१ पर्यंत तिथे विकली गेली. इतक्या साध्या, भरवशाच्या गाडीवर प्रयोग करणे सोपे होते. गो ताकामिने यांनी १९९८ मध्ये टोकियोत सुरू केलेल्या ‘ब्रॅट स्टाइल’ या कार्यशाळेच्या नावावरूनच बुटक्या बांध्याच्या आणि सपाट, पातळ सीटच्या गाड्यांची शैली जगभर ओळखली जाऊ लागली.

आपल्याकडे मात्र सांगाड्याला हात लावताना कायदा आड येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तिकेतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. चेसिस म्हणजे सांगाडा कापून मागची बाजू आखूड करण्याचा जपानी प्रकार त्यामुळे येथे जसाच्या तसा उचलता येत नाही. होंडाची २०२० मधील हायनेस सीबी ३५० दिसायला जुन्या वळणाची असली, तरी तिच्यात कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन (इंधन मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), सेन्सर आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आहेत. टाकी किंवा सीट बदलताना वायरिंग वाचता येणारा माणूस आता खरादीइतकाच लागतो.