दिल्ली : राजधानी केंद्राची, शहर कोणाचे?

दिल्लीत मुख्यमंत्री आणि केंद्राने नेमलेले नायब राज्यपाल यांच्यात खटका उडाला की तो दोन पक्षांचा वाद म्हणून सांगितला जातो. पक्षांचा वाटा त्यात असतोच, पण हे भांडण आजच्या कुठल्याही पक्षनेत्यापेक्षा जुने आहे. दिल्लीला राजधानी करताना तिथे राहणाऱ्यांना कारभारात काय स्थान असेल, हा प्रश्न १९११ साली कोणी विचारलाच नाही. स्वातंत्र्यानंतर तो विचारला गेला, तेव्हा त्याला अर्धेच उत्तर मिळाले.

गादी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा, हा प्रकार दिल्लीला नवा नव्हता. महादजी शिंद्यांच्या काळात बादशहा लाल किल्ल्यात होता आणि वकील-इ-मुतलक म्हणून सूत्रे महादजींकडे होती. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेला हरवले आणि बादशहाच्या नावाने इंग्रज रेसिडेंट राज्य करू लागला. १८५७ नंतर बादशाहीच संपली. दिल्ली पंजाबला जोडली गेली आणि मोगलांची राजधानी पंजाबातले एक जिल्ह्याचे ठिकाण होऊन बसली.

१२ डिसेंबर १९११ च्या दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणाही तेव्हाचीच. त्यामागे व्हाइसरॉय हार्डिंगच्या सरकारने ऑगस्टमध्ये लंडनला पाठवलेला खलिता होता. साम्राज्याचे वरिष्ठ सरकार एखाद्या प्रांताच्या सरकारबरोबर एकाच शहरात असणे योग्य नाही, असे त्यात मांडले होते. कलकत्त्यात बंगालच्या राजकारणाची धग केंद्राला लागत होती आणि दिल्लीत तशी धग नको होती. मला या खलित्याचे महत्त्व नव्या राजधानीचे वास्तुरचनाकार लटियन्स आणि बेकर यांच्या इमारतींपेक्षा जास्त वाटते. इमारती आपण आपल्याशा केल्या, राष्ट्रपती भवनात आपला राष्ट्रपती राहू लागला; पण ही कल्पनाही आपण जशीच्या तशी ठेवून घेतली.

१ ऑक्टोबर १९१२ रोजी दिल्ली तहसील आणि महरौली ठाण्याचा भाग पंजाबपासून तोडून केंद्राने नेमलेल्या मुख्य आयुक्ताचा वेगळा प्रांत झाला. माल्कम हेली पहिला मुख्य आयुक्त. १९१५ मध्ये यमुनेपलीकडची ६५ गावे संयुक्त प्रांतातून त्यात आली. रायसीना, मालचा अशा गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या गेल्या आणि तिथे नवी दिल्ली उभी राहिली. १८ जानेवारी १९२७ ला कौन्सिल हाउसचे, म्हणजे आपल्या जुन्या संसद भवनाचे, उद्घाटन झाले आणि १३ फेब्रुवारी १९३१ ला नव्या राजधानीचे.

त्या कौन्सिल हाउसमध्ये देशभरातून निवडून आलेले सभासद बसत. दिल्लीला मात्र स्वतःचे कायदेमंडळ नव्हते. १९१९ च्या सुधारणांत ते मिळाले नाही, १९३५ च्या कायद्यातही नाही. केंद्रीय विधिमंडळात दिल्लीतून एकच सभासद निवडून जाई. शहरातही फाळणी झालीच होती. चांदनी चौकातल्या जुन्या नगरपालिकेचा कारभार १८६३ पासून चालू होता. नव्या वस्तीसाठी १९१६ मध्ये रायसीना म्युनिसिपल कमिटी निघाली आणि १९२७ मध्ये तिने ‘नवी दिल्ली’ हे नाव घेतले. आजची एनडीएमसी, म्हणजे नवी दिल्ली नगरपरिषद, ती हीच.

मग १९४७ आले. पश्चिम पंजाबातून सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत आले आणि दिल्लीतले लाखो मुसलमान पाकिस्तानात गेले. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर इथे छावण्या पडल्या. लाजपत नगर, राजेंद्र नगर, पटेल नगर या वसाहती त्यानंतरच्या. १९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या ९ लाख १८ हजारांच्या आसपास होती, १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजारांवर गेली. सरकारी नोकर आणि बंगले यांच्या हिशेबाने आखलेल्या राजधानीत आता घर, पाणी आणि रोजगार मागणारे एक प्रचंड शहर उभे होते.

घटना समितीने मुख्य आयुक्तांच्या प्रांतांसाठी पट्टाभी सीतारामय्या यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दिल्लीला नायब राज्यपाल आणि निवडून आलेले विधिमंडळ द्यावे, अशी तिची शिफारस होती. डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीला ते पटले नाही. देशाची राजधानी स्थानिक सरकारच्या हाती देता येत नाही, असे तिचे म्हणणे होते. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात राजधानीचे कायदे केंद्रीय संसदच करते, हा तिचा आधार. दिल्लीचे प्रतिनिधी लाला देशबंधू गुप्ता यांनी दिल्लीकरांच्या हक्कासाठी जोरदार बाजू मांडली. आंबेडकरांची चिंता खोटी नव्हती. संसद, राष्ट्रपती आणि परदेशी वकिलाती असलेल्या शहरात पोलीस कोणाचे ऐकतील, हा प्रश्न खरा आहे. पण ज्या वॉशिंग्टनचा दाखला दिला गेला, त्या वॉशिंग्टनलाही १९७३ च्या कायद्याने निवडून आलेला महापौर आणि नगरमंडळ मिळाले, हे आपल्याकडच्या चर्चेत फारसे येत नाही.

तडजोड म्हणून १९५१ च्या कायद्याने ‘क’ वर्गातल्या, म्हणजे केंद्राच्या थेट अखत्यारीतल्या, राज्यांबरोबर दिल्लीलाही ४८ सदस्यांची विधानसभा मिळाली. निवडणूक होण्याआधीच, नोव्हेंबर १९५१ मध्ये, देशबंधू गुप्ता विमान अपघातात गेले. मार्च १९५२ मध्ये अवघ्या ३४ वर्षांचे चौधरी ब्रह्मप्रकाश मुख्यमंत्री झाले. पोलीस, कायदा-सुव्यवस्था, नगरपालिका हे विषय त्यांच्या विधानसभेच्या बाहेर होते. आजच्या वादातली सगळी पात्रे आणि सगळे संवाद त्या चार वर्षांत सापडतात. मुख्य आयुक्तांशी खटके उडत राहिले आणि १९५५ मध्ये ब्रह्मप्रकाश यांना पद सोडावे लागले.

त्याच वर्षाच्या अखेरीस काविळीची भयानक साथ आली. नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतून वजीराबादला पाणी उपसण्याच्या ठिकाणापर्यंत पोचले आणि २९ हजारांहून अधिक लोकांना कावीळ झाली. तेव्हा शहरात नगरपालिका अनेक होत्या, पाणी आणि सांडपाण्याचे मंडळ आणखी वेगळे. अधिकार वाटले गेले की जबाबदारी कुठल्या दारात मागायची, ते लोकांना कळत नाही. दिल्लीकरांनी त्याची किंमत आजारपणात मोजली.

राज्य पुनर्रचना आयोगाने दिल्लीला राज्य नको, महापालिका पुरे, असा निष्कर्ष काढला. १ नोव्हेंबर १९५६ ला विधानसभा बरखास्त झाली आणि १९५८ मध्ये महानगरपालिका आली. अरुणा असफ अली पहिल्या महापौर. पाणी, वीज, बस या सेवा तिच्या छत्राखाली आल्या. पण जमीन १९५७ मध्येच केंद्राच्या विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे डीडीएकडे गेली होती. घरे कुठे बांधायची हे ठरवणारी संस्था दिल्लीच्या मतदाराला तेव्हाही उत्तरदायी नव्हती, आजही नाही.

१९६६ ची महानगर परिषद केवळ सल्ला देऊ शकत होती. खरा बदल बालकृष्णन समितीच्या १९८९ च्या अहवालानंतर झाला. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २३९अअ आले, ७० जागांची विधानसभा आली आणि १९९३ मध्ये मदनलाल खुराना मुख्यमंत्री झाले. सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन मात्र केंद्राकडेच राहिली. नवी दिल्ली नगरपरिषदेचे क्षेत्र ४२.७ चौरस किलोमीटर, संपूर्ण दिल्लीचे १,४८३. केंद्राची काळजी मुख्यतः त्या छोट्या तुकड्याची आहे. बंधन मात्र नरेला ते नजफगड सगळ्यांवर आहे. हे मला अन्यायाचे वाटते. पूर्ण राज्याच्या दर्जासाठी २००३ मध्ये विधेयक मांडले गेले, तेही पुढे सरकले नाही.

न्यायालयातली लढाई अलीकडची. मंत्रिमंडळाचा सल्ला नायब राज्यपालांवर सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ जुलै २०१८ ला सांगितले. ११ मे २०२३ ला अधिकाऱ्यांच्या सेवांवरचा अधिकारही निवडून आलेल्या सरकारचा ठरला. आठच दिवसांत केंद्राचा अध्यादेश आला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. बदल्या आणि नेमणुकांची शिफारस आता तिघांचे प्राधिकरण करते: मुख्यमंत्री, मुख्य सचिव आणि गृह खात्याचे प्रधान सचिव. अध्यक्ष मुख्यमंत्रीच, पण निर्णय बहुमताने होतो आणि मतभेद झाल्यास अंतिम शब्द नायब राज्यपालांचा असतो.